खिडकीवाल्या चिपा

आमच्या धरणेंद्रला साधं "चहा टाकू का" विचारलं तरी तो आधी चष्मा काढतो, सदऱ्याच्या टोकाला पुसतो, परत डोळ्यांवर चढवतो आणि मग म्हणतो, "तसं बघाय गेलं तर दोन्ही बाजू हायत, आक्का." मी सगळी उमर नाटक कंपनीत घालवली. रंगमंचावर गप्प राहण्यालाही माप असतं. माप चुकलं की पडद्याआडून कुणीतरी खोकतं. धरणेंद्रच्या गप्प राहण्याला माप नाही. त्याची बायको कमला सांगते, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवानं हार घालायच्या ऐवजी चष्माच पुसला, आणि भटजींना वाटलं नवरी पसंत नाही.

निपाणीत त्याच्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहते. कंपनी बंद पडल्यावर तात्पुरती म्हणून आले आणि राहून गेले. त्याची माझी ओळख मात्र त्याआधीची. आमचा मुक्काम निपाणीला होता, दुसऱ्या अंकात माझ्या पदाच्या मधोमध माइक मेला, आणि प्रेक्षकांतून एक किडकिडीत पोरगा उठून तडक विंगेत आला. त्यानं काय केलं मला आजही माहीत नाही. आवाज परत आला एवढं खरं. पुढं तो जुन्या हमरस्त्याच्या कडेला दुकान टाकून बसला. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग तंबाखूच्या वखारींतले इलेक्ट्रॉनिक काटे. बेळगावला खडेबाजारामागं कॉम्प्युटर दुरुस्तीची एक कंपनी होती, ती गुंडाळली तेव्हा तिथला सगळा माल धरणेंद्र टेम्पोत घालून घेऊन आला. चिपा. काळ्या, चपट्या, दोन्ही अंगांना पाय असलेल्या. कमला त्यांना हात लावायला बिचकायची. म्हणायची, मेलेल्या असल्या तरी जीव असल्यागत दिसतात.

दुकान गेलं, त्या जागेत आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. चिपा घरी आल्या. माजघराच्या मागच्या खोलीत पत्र्याचे डबे एकावर एक, आणि डब्यांत प्लास्टिकच्या नळ्या, नळ्यांत ओळीनं चिपा. धरणेंद्र अधूनमधून त्या खोलीत जाऊन बसायचा. काय करतोस विचारलं तर म्हणे, "काय न्हाई. बघत बसलोतो."

यंदा स्तवनिधीला मुनिमहाराजांच्या दर्शनाला जाऊन आला आणि व्रत घेऊन आला. जैन माणसं घेतात तसं, परिग्रह कमी करण्याचं. आपल्याजवळ किती ठेवायचं याची हद्द स्वतःच आखायची. धरणेंद्रनं आखलेली हद्द अशी: धंद्याची म्हणून जी वस्तू घरात आहे ती चातुर्मास लागायच्या आत घराबाहेर गेली पाहिजे. एवढ्यावर थांबला असता तर तो धरणेंद्र कसला? त्यानं वर आणखी घातलं की वस्तू ज्याच्या कामी येईल त्याच माणसाला द्यायची, आणि जिथं तिच्यामुळं हिंसा होईल त्या हातात द्यायची नाही.

मी म्हटलं, "अरे, चिपेमुळं कसली हिंसा?"

ती कसली ते लवकरच कळलं. हुबळीहून भंगारवाला आला. डबे बघून त्याचे डोळे चमकले. काही चिपांच्या पोटात आणि पायांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो म्हणे. किलोवर भाव देतो म्हणाला. धरणेंद्रनं विचारलं, सोनं काढता कसं? तो सरळ सांगून गेला, आधी जाळायचं, मग ॲसिडात टाकायचं, उरलेलं पाणी ओढ्यात सोडायचं.

धरणेंद्रनं चष्मा पुसला नाही. लगेच म्हणाला, "बेडप्पा." नको रे बाबा. ओढ्यातले मासे, बेडूक, काठावरच्या मुंग्या, सगळे त्याच्या हिशेबाला लागले असते.

तर मग द्यायच्या कुणाला? तेव्हा कळलं की जुनी कॉम्प्युटर यंत्रं परत चालती करायचा नाद असलेली माणसं असतात. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणी वकील. सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना सोडून चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र उघडून बसतात. ते यंत्र करणारी कंपनी बुडालेली, चिपा बनायच्या थांबलेल्या, त्यामुळं अशा माणसांना जुनी चिप म्हणजे देव भेटल्यासारखं. त्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. धरणेंद्रनं तिथं शिरकाव करून घेतला, पण काय लिहावं त्याला सुचेना. तो मोबाईल घेऊन वर आला.

"आक्का, तुमचा आवाज चांगला हाय. तुम्हीच सांगा की."

मला आवाजाचं कुणी म्हटलं की मी वितळते. मी घसा साफ केला, खिडकी लावून घेतली, आणि बोलले. "रसिकहो, विस्मृतीच्या अंधारात पडून राहिलेली काही रत्नं आज आपल्या चरणी अर्पण करण्यासाठी आम्ही उभे आहोत. मोल काहीही नाही. हवी आहे ती फक्त आपली कदर." शेवटच्या वाक्याला आवाज थोडा कापरा केला. धरणेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तो संदेश पाठवून दिला.

उत्तरं आली, आणि पाठोपाठ आमचा गोंधळ सुरू झाला. एकानं विचारलं, कोणत्या नंबरच्या चिपा? तेवढं धरणेंद्रनं लिहून कळवलं. दुसऱ्यानं विचारलं, चालतात का, तपासल्यात का? धरणेंद्रनं कळवलं, "चालत असतील. नसतीलही. तपासायचं यंत्र विकून टाकलंय." तिसऱ्यानं विचारलं, मग फुकट का देताय? धरणेंद्रनं खरं ते सांगितलं, "व्रत आहे."

दुसऱ्या दिवशी एका सद्गृहस्थानं सगळ्यांना सावध केलं की फसवणुकीचा नवा प्रकार आलाय, एक बाई नाटकी आवाजात बोलते, कुणी पत्ता किंवा बँकेचा नंबर देऊ नये.

"मी खरं सांगिटलं तेच चुकलं काय?" धरणेंद्रनं विचारलं.

"खरं सांगायची पद्धत चुकली," कमला खालून ओरडली. "आणि त्यात आक्कांनी रडून दाखवलं."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी हसत सुटले. सबंध कारकिर्दीत माझ्या आवाजावर इतका विश्वास कुणी ठेवला नव्हता, की त्यामुळं लोक पळून जावेत.

मग अनयचा फोन आला. बेळगावच्या टिळकवाडीतला, ऑफिसात काम करणारा, चाळिशीचा माणूस. त्याला आमच्या नाटकीपणाशी देणंघेणं नव्हतं. चिकोडीकडची एक वखार बंद झाली, तिथला जुना वजनकाटा छपाईच्या यंत्रासकट त्यानं उचलून आणला होता. म्हणजे वजन केलं की चिठ्ठी छापून देणारं यंत्र. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की ते यंत्र एके काळी मराठी आणि कानडी दोन्ही अक्षरांत चिठ्ठी छापायचं. आतली अक्षरांची चिप गंजून तिचे पायच गळून पडले होते.

धरणेंद्र फोन कानाला लावूनच उठून उभा राहिला. मग म्हणाला, "ती अक्षरं मी केलीती."

हे मलाही नवीन होतं. त्या काळी यंत्र इंग्रजीतच चिठ्ठी द्यायचं, आणि तंबाखू घालायला आलेला माणूस ती चिठ्ठी घेऊन कुणाला तरी वाचायला शोधत फिरायचा. वखारवाल्यानं धरणेंद्रला म्हटलं, आपल्या भाषेत काही होतंय काय बघ. धरणेंद्र चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काढत बसला. मराठी आधी, मग त्याच मापात कानडी. कुठला ठिपका काळा, कुठला पांढरा, एवढंच त्या चिपेच्या पोटात असतं, असं त्यानं मला समजावलं. मला तेवढंच कळलं.

"एक जोड काढून ठेवलीती मी," तो अनयला म्हणाला. "डब्यात हाय. तुमचीच समजा."

शब्द दिला. फोन ठेवला. तो इतका खूश झाला होता की चष्मा न पुसताच खाली गेला. थोड्या वेळानं मी जेवणाचं विचारायला उतरले तर मागच्या खोलीत तो जमिनीवर बसलेला, पुढ्यात डबा उघडा.

"आक्का, ह्यांच्यावरची कागदं कुठं गेली?"

मला कसली कागदं ते कळेना. त्यानं एक चिप हातात दिली. इतर चिपा नुसत्या काळ्या असतात, हिच्या पाठीवर काचेची छोटी गोल खिडकी होती, आणि खिडकीतून आत काहीतरी इवलंसं चकाकत होतं. फार सुंदर दिसलं. मी म्हटलंही तसं.

"सुंदर हाय, पर ती उघडी असाय नको," तो म्हणाला. "ह्या खिडकीतनं ऊन आत गेलं की आतलं सगळं पुसतंय. म्हणून वर चांदीचा कागद चिकटवून ठेवायचा असतोय."

मग त्यानं आवाज खाली केला. व्रत घेतल्यावर त्यानंच कमलाला सांगितलं होतं, चातुर्मासाच्या आत घरातलं सगळं उन्हात काढ, किडामुंगी आत राहायला नको, पावसात चिरडून मरतात. त्यांच्यात ही रीतच आहे. धान्य, डाळी, मसाला, गाद्या, सगळं वैशाखात गच्चीवर जातं. कमलानं चिपांचे डबेही काढले. खिडकीवाल्या चिपांवरचे कागद जुने होऊन त्यांचा डिंक सुटला होता आणि त्याला दोन मुंग्या चिकटून मेलेल्या दिसल्या. तिनं खोबरेल तेलाचा बोळा घेऊन एकेक कागद सोडवला, चिपा लखलखीत पुसल्या आणि सुपात पसरून रोज उन्हाला ठेवल्या. पापडांच्या शेजारी.

"म्हणजे सगळं पुसलं गेलं?"

"पुसलं असंल. राहिलंबी असंल. बघून कळत न्हाई. भरलेली चिप आन कोरी चिप सारखीच दिसती."

"तर मग अनयला कळव."

इथं चष्मा निघाला. त्याचं म्हणणं असं: कोरी आहे म्हणून कळवावं आणि आत अक्षरं असली तर ते खोटं. भरलेली आहे म्हणून द्यावी आणि कोरी निघाली तर तेही खोटं. माहीत नाही म्हणावं तर मागच्या वेळी माहीत नाही म्हटल्यावर काय झालं ते बघितलंच. हा एक माणूस यायला तयार झालाय, तोही गेला तर बाकीच्या चिपा कुणाच्या गळ्यात बांधायच्या? चातुर्मास तोंडावर. आणि व्रत मोडलं तर महाराजांना काय सांगायचं.

"आन कमलाला सांगू नका," तो म्हणाला. "तिनं मुंग्या वाचवाय केलंय."

मी नटी. गुपित पोटात ठेवणं मला जड जात नाही. पण त्या आठवड्यात जेवणाच्या वेळी कमला वाढत असताना मला तिच्याकडं बघवेना. भाकरी घ्या म्हटलं की मी उगाच तिच्या चटणीची तारीफ करायची. चटणी रोजचीच होती.

अनय आला तो स्वतःची गाडी घेऊन, मागं तो वजनकाटा आणि पुढं लॅपटॉप. कमलानं त्याला गूळपाणी दिलं. तो बसल्या बसल्या कामाला लागला. लॅपटॉपला जोडलेली एक डबी होती, तिच्या खोबणीत चिप बसवायची, की तिच्या पोटात काय आहे ते पडद्यावर दिसतं. धरणेंद्र भिंतीला टेकून उभा. पडद्यावर एकाच अक्षराच्या रांगाच्या रांगा उतरू लागल्या, वरपासून खालपर्यंत.

"कोरी आहे, काका," अनय म्हणाला.

"कोरी म्हंजे?" कमलानं विचारलं.

"लई जुनी झालती," धरणेंद्र घाईनं म्हणाला. असत्य न बोलण्याचं व्रत त्यानं कितीतरी वर्षांपूर्वी घेतलंय. मी बघितलं, बोलून झाल्यावर त्याचाच चेहरा पडला.

अनयला बिचाऱ्याला आत काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. "जुनी होऊन असं नाही होत. ऊन लागलं असणार," तो म्हणाला. "वरचं स्टिकर काढलं की पुसलं जातं ना." आणि दुसरी चिप लावली. तीही कोरी. तिसरीही.

कमला पदरानं हात पुसत नवऱ्याकडं वळली. "त्या चिपास्नी डोळे हायत म्हणून मला सांगायचं का न्हाई?"

"सांगणार होतो."

"कवा? लग्नाला किती वर्षं झाली?"

"तूच हात लावत न्हवतीस."

"मग हात लावला तवा तरी."

धरणेंद्रनं चष्मा काढला. आणि अनय, खरं सांगते, त्या क्षणी हसायला लागला. मला राग आला. तो म्हणाला, "काकू, रागावू नका, पण तुम्ही आमचं कामच केलंत. ह्या जातीच्या चिपा वापरायच्या आधी आम्हाला मुद्दाम पुसाव्या लागतात, त्याला वेगळा दिवा असतो. इतक्या स्वच्छ कोऱ्या चिपा आमच्या ग्रुपात कुणाकडं नसतील. ह्या सगळ्या जातील."

आम्ही तिघंही गोंधळलो. कोरी म्हणजे गेलेली की चांगली? पुसलं म्हणजे बिघडवलं की तयार केलं? तो दोनदा समजावून सांगत होता आणि धरणेंद्र मान हलवत होता, पण मला ती मान ओळखीची आहे. समजलेल्या माणसाची नव्हती.

अनयनं बसल्या जागी ग्रुपवर कळवलं. त्याच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास होता. बिनखिडकीच्या चिपाही त्यानं स्वतः तपासून वाटायचं कबूल केलं. पत्र्याचे डबे गाडीत चढले. मागची खोली रिकामी झाली. व्रत पुरं झालं. धरणेंद्र रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि अनय म्हणाला, "फक्त ती अक्षरं तेवढी गेली."

हे त्यानं सहज म्हटलं. पण धरणेंद्र वळला.

"परत काढता येतील," तो म्हणाला. "माझ्या ध्यानात हायत."

"काका, काढाल? मी यंत्र इथंच ठेवतो. ही डबी ठेवतो. कोऱ्या चिपा ठेवतो."

"घरात ठेवाय येत न्हाई. धंद्याची वस्तू."

"मग बेळगावला माझ्याकडं या."

"चातुर्मासात गावाची शीव ओलांडायची न्हाई, असंबी घेतलंय."

अनय माझ्याकडं बघू लागला. त्याच्या बघण्यात, नाटक कुठल्या अंकात आहे ते न कळलेल्या प्रेक्षकाची नजर होती. मी म्हटलं, "माझ्या माडीवर ठेवा. माझं काही व्रत नाही."

सगळ्यांचे चेहरे उजळले. अनयनं काटा वर आणला. मी माझी पेटी सरकवून जागा केली. तो निघून गेल्यावर जिन्यात धरणेंद्र थांबला आणि त्यानं चष्मा काढला. मी म्हटलं, आता काय?

"माडी माझ्याच घराची हाय न्हवं?"

"पण मी भाडं देते."

"भाडं देता म्हणून ती तुमची का मी भाडं घेतो म्हणून माझी?"

मला राजाराण्यांचे, संन्याशांचे, अगदी यमाचेही संवाद पाठ होते. ह्याला उत्तर देणारं वाक्य कुठल्याच नाटकात नव्हतं. तो महाराजांना विचारून आला. महाराज हसले म्हणे, आणि म्हणाले, वस्तू कुठं आहे ते सोड, ती तुझी आहे असं तुला वाटतंय काय ते बघ. धरणेंद्र परत आला तो आणखीच घोटाळलेला. "यंत्र माझं वाटत न्हाई," तो म्हणाला. "अक्षरं माझी वाटत्यात. अक्षरं वस्तू हाय का?"

तरी तो रोज वर येऊ लागला. जेवण सूर्य असतानाच होतं त्याचं, म्हणून दुपार उलटली की बसायचा आणि दिवस मावळायच्या आत उठायचा. चौकटीचे कागद, पेन्सिल, खोडरबर. मराठीतली सगळी आठवली, पण कानडीतल्या दोन अक्षरांचे ठिपके काही केल्या जुळेनात. मग कमला वर आली. तिची कानडी शाळा झालेली आहे, चिकोडीकडची ती. तिनं अक्षर बोटानं हवेत काढून दाखवलं. तो म्हणाला, असं न्हवं. ती म्हणाली, असंच. दोघं त्यावर तासभर भांडले, आणि चिपेच्या त्या प्रकरणानंतर तिला त्याच्याशी इतकं मोकळं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं. शेवटी तिचंच बरोबर निघालं. निदान तो तरी तसं म्हणाला.

चातुर्मासात अनय आला आणि त्यानं चिप भरली. आम्ही यंत्र लावलं. ताटावर काय ठेवायचं कळेना म्हणून माझी तानपुऱ्याची गवसणी ठेवली. यंत्र खरखरलं, थांबलं, आणि एक चिठ्ठी बाहेर आली. वर मराठीत वजन, खाली कानडीत. कमलानं दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. धरणेंद्रनं चिठ्ठी नुसती बघितली, हातात घेतली नाही.

"यंत्र मी नेतो," अनय म्हणाला. "चिठ्ठी तरी ठेवा आठवण म्हणून."

धरणेंद्रनं मान हलवली. नको. धंद्याचीच ती.

कमलानं चिठ्ठी उचलली, घडी घातली आणि कमरेला खोचली. "माझं काय व्रत न्हाई," ती म्हणाली आणि खाली गेली. तिला दूध उतू जायची काळजी होती.

धरणेंद्र माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्यानं अगदी हळू विचारलं, "आक्का, बायकोकडं असलेलं माझ्याकडं धरत्यात का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, मलाबी न्हाई. आणि मग तोही खाली गेला, चिठ्ठी कुठं ठेवली ते विचारायला की विचारू नये ते ठरवायला, मला सांगता येणार नाही.